पलटीबाई

राऊटर हातात आला की ती आधी तो उलटा करी. कोणाचा, कुठला, काय झाले, हे सारे नंतर. पोटावरच्या चिठ्ठीतली बारीक अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाची आणि मगच माणसाकडे पाही. अहेरीच्या बाजारात तिचे दुरुस्तीचे दुकान होते. लोक तिला पलटीबाई म्हणत. एके काळी ती माझ्या वर्गात होती; मला शेवटपर्यंत गुरुजीच म्हणे.

कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राऊटरमध्ये ती दुसरे, मुक्त सॉफ्टवेअर बसवी. मात्र मॉडेलचे नाव जुळले एवढ्याने तिचे भागत नसे. नाव तेच ठेवून कंपनी आतले भाग बदलते. तो बदल चिठ्ठीवरच्या व्हर्जनच्या आकड्यात तेवढा दिसतो. तो आकडा त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या यादीत नसला तर राऊटर परत. एका गिऱ्हाइकाने वाद घातला, "अवं बाई, दोन्ही सारखेच तं दिसते!" ती म्हणाली, "तुमी अन् तुमचा भाऊ बी सारखेच दिसता. त्याचा चष्मा तुमाले चालते का?" गिऱ्हाईक रागावून गेले. तिने खंत केली नाही.

आमच्या गावची अभ्यासिका मी सांभाळी; तिथे इंटरनेट आले ते तिच्यामुळे. रस्त्यापलीकडच्या ग्रामपंचायतीचे वायफाय पकडून आमच्या खोल्यांत पसरवणारा राऊटर तिने तयार करून दिला. वनरक्षक भरतीचे अर्ज मुले तिथेच भरू लागली. पुढे वीज पडून तो जळाला. मी चंद्रपूरहून त्याच मॉडेलचा दुसरा आणला. तिने तो उलटा केला आणि माझ्या हाती परत दिला.

"याचं व्हर्जन अलग आहे, गुरुजी. याच्यासाठी सॉफ्टवेअरची फाईल नाई."

"जुनीच टाक."

"मरन तो. दोन दिवस द्या, मी पंचायतीपासून वायर ओढून देते."

अर्जांची मुदत संपत आली होती. त्याहून खरे कारण असे, की विद्यार्थिनीने नाही म्हटलेले मला सोसले नाही. जुनी फाईल अभ्यासिकेच्या संगणकात होती. तिला काम करताना मी पाहिले होते; तेवढे ज्ञान मला पुरेसे वाटले. मी फाईल चढवली. राऊटरचे दिवे विझले ते पुन्हा लागले नाहीत. मुलांना अर्ज भरायला अहेरी गाठावी लागली.

वायर घेऊन ती आली तेव्हा अभ्यासिकेच्या अध्यक्षांनी तिला सर्वांसमोर सुनावले, "एवढी हुशारी सांगत होती, मंग काऊन मारला राऊटर?"

तिने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, हा तं मी तुमाले परत देल्ला होता न?"

मी हजेरीची वही चाळू लागलो. हयातभर मुलांना खरे बोलायला शिकवले होते. ती राऊटर पिशवीत टाकून निघून गेली.

ज्यांचे राऊटर तिने परत केले होते, त्यांनीच ही गोष्ट बाजारभर केली. दुकानापुढचा बाक रिकामा राहू लागला. थोड्याच दिवसांत तिने दुकान आवरले. नदीपलीकडे तेलंगणात नोकरी धरली.

जाण्याआधी अभ्यासिकेत आली. राऊटर उघडून, आत बारीक तारा डागून तिने कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर परत बसवले होते. ग्रामपंचायतीपासूनची वायर स्वतः शिडीवर चढून ओढली. दिवे लागले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष खूश होऊन म्हणाले, "पाहा, बाईनं आपली चूक सुधारली."

मीही टाळ्या वाजवल्या.