शेवंताआत्याची चुंबळ

दादाचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजामागे वारा घोंगावत होता. तो खिंडीत उभा आहे, हे त्यावरूनच कळलं. आमच्या आंदर मावळातल्या गावात रेंज नसते. तसंच काही महत्त्वाचं असलं की माणूस खिंड चढतो. मी लोणावळ्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. "आत्या गेली गं... सकाळीच," एवढंच तो म्हणाला. त्याला आता महिना होईल.

शेवंताआत्या ही वडिलांची थोरली बहीण. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मी काय शिकते हे घरात कुणाला नीट सांगता यायचं नाही. खरं तर मलाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी प्रोजेक्टच्या दोन पेट्या घरी आणल्या होत्या. शेतातली ओल मोजणाऱ्या अशा पुष्कळ पेट्या मांडायच्या आणि कोणती किती लांब आहे, ते तिच्या सिग्नलच्या जोरावरून ओळखायचं, असा विषय. पेटी जवळ असली की सिग्नल जोरात, लांब गेली की क्षीण. वाचताना सोपं वाटलं होतं, पण माझी अंतरं चुकतच होती. सुट्टीनंतरही जमलं नाही तर विषय बदला, असं सरांनी सांगितलं होतं. मला तर वाटायला लागलं होतं, हे शिक्षणच आपल्यासाठी नाही...

मी एक पेटी लॅपटॉपला जोडून खळ्यावर बसले आणि दुसरी आत्याच्या हातात दिली. ती पोटाशी धरून आत्या बांधाने चालू लागली. थोडीच पुढे गेली असेल, तोच लॅपटॉपने तिला ओढ्यापलीकडे दाखवलं. मी ओरडून तसं सांगितलं.

"मी हितं हाय आन् तुजी पेटी मला वड्यापल्याड धाडतीया व्हय? लय घाई झालीया तिला!"

मला रडू यायचं बाकी होतं. आत्याला भाताचे भारेही आणायचे होते, हात मोकळे हवे होते. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पेटी, आणि विळा घेऊन निघाली. आकडे एकदम जागेवर आले! मी तिला पेटी पुन्हा पोटाशी धरायला लावली; आकडे पुन्हा चुकले. तेव्हा उमगलं. पाठमोरी चालताना तिचं अंगच दोन पेट्यांच्या मध्ये येत होतं आणि सिग्नल तिथेच अडत होता. डोक्यावरून त्याला वाट मोकळी होती.

मग भारे राहिले बाजूला. मी सांगेन तिथे ती जाऊन उभी राहत होती. शेजारचे आबा बांधावरून म्हणाले, "शेवंता, डब्यात काय गं?"

मान न वळवता आत्या अख्खीच्या अख्खी वळली. "भाचीचं कालेज हाय त्यात, आबा. हसवू नगा, सांडंल!"

दिवस कलल्यावर पेटी उतरवत तिने विचारलं, "जमलं न्हवं? मंग आता विषय बदलायचा न्हाई." मी बदलला नाही.

तिच्या जुन्या हिरव्या लुगड्याची ती चुंबळ वहिनीने मला दिली. परवा कॉलेजच्या मैदानात पुढची मापं घ्यायची होती. मी चुंबळ डोक्यावर ठेवली, वर पेटी ठेवली. मैत्रिणी हसल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी मला हाक मारली... मान वळवता येईना. मी अख्खीच्या अख्खी वळले.