एकाच नावाचे दोन फोल्डर

बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. हातात जेमतेम तीन आठवडे होते. बाबा एवढंच म्हणाले, "मगे गाऱ्हाणी कोण घालतलो?"

बाबा गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बोरिवलीत मिळेल ती कामं केली. पण आमच्या माणसांत त्यांची ओळख गाऱ्हाण्यांची. कोकणात देवापुढे उभं राहून, त्याच्याशी बोलल्यासारखं सगळ्यांसाठी मागणं मागतात, ते गाऱ्हाणं. होळी असो, लग्न असो, कुणाचं नवीन घर असो, बाबांना बोलावणं यायचंच.

दादाने आणि मी ठरवलं, सगळी गाऱ्हाणी रेकॉर्ड करून ठेवायची. बाबांनी कागदावर यादी केली: होळी, लग्न, घर, आजारपण, प्रवास, अशी बारा. बाबा बोरिवलीला दादाकडेच राहतात, म्हणून आधी तिथे सुरुवात झाली. सकाळी ऑफिसला निघताना दादा लॅपटॉपवर रेकॉर्डिंग चालू करून द्यायचा आणि बाबा एकटेच देव्हाऱ्यासमोर बसून बोलायचे. नंतर आठवडाभर ते माझ्याकडे मुलुंडला आले. म्हणाले, तुझ्या घरातही घालतो. मी तीच यादी समोर ठेवून पुन्हा सगळं रेकॉर्ड केलं. दोघांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून जोडलेले होते. एकाने टाकलेलं दुसऱ्याकडे आपोआप यायचं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा पाटीवर लिहून बोलू लागले. जरा उसंत मिळाल्यावर मी कॉम्प्युटर उघडला तर 'गाऱ्हाणी' नावाचे दोन फोल्डर. अक्षर न् अक्षर सारखं. आत त्याच बारा नावांच्या फाईली. दोन्हीकडची पहिली फाईल थोडी ऐकून पाहिली. सुरुवातीला देवांची तीच नावं, तोच ठेका. मला वाटलं, दोन्ही घरी बाबांनी शब्द न् शब्द तेच म्हटलंय, एकच संच पुरे. जुन्या तारखेचा फोल्डर मी उडवला. कॉम्प्युटरची कचरापेटीही लगेच साफ केली. पसारा मला बघवत नाही.

दुपारी ऑफिसात दादाचा फोन आला.

"तू काय केलंस गं? माझ्याकडची सगळी रेकॉर्डिंग गेली!"

"अरे, ती डबल होती. दुसरा फोल्डर आहे ना."

"तो तुझ्या घरचा! माझ्याकडचं वेगळं होतं. बाबा आता परत बोलणारेत का?"

मी फोन ठेवला. आमच्या घाटकोपरच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं बघणारी एक मैत्रीण आहे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. माझा चेहरा बघून ती खुर्ची ओढून शेजारी बसली. सगळं ऐकून म्हणाली, "आधी कशाला हात लावू नकोस. तुझ्या मशीनवर नसेल, पण ज्या कंपनीकडे तुमच्या फाईली साठतात, तिच्या वेबसाइटवर उडवलेलं काही दिवस राहतं. बघू."

तिने लॉगिन करायला लावलं, दोनतीन ठिकाणी क्लिक केलं. बाराच्या बारा फाईली तिथे होत्या. मला रडूच फुटलं. ती म्हणाली, "रड नंतर. आधी हे दोन फोल्डर कसे झाले ते समजून घे, नाहीतर पुन्हा वाट लागेल."

तिने नावातल्या 'ऱ'वर बोट ठेवलं. "तुझ्या कॉम्प्युटरवर हे एक अक्षर आहे. तुझ्या दादाचा कॉम्प्युटर वेगळ्या पद्धतीचा, तो हेच अक्षर साधा 'र' आणि खाली नुक्त्याचं टिंब असं दोन चिन्हांनी लिहितो. आपल्याला दिसतं एकच, पण मशीनला ती दोन वेगळी नावं. म्हणून त्याने एकावर दुसरं चढवलं नाही, दोन्ही ठेवली. नशीब समज."

तिच्या सांगण्यावरून आम्ही नावं बदलली. एक फोल्डर 'बोरिवली', एक 'मुलुंड'. दोन्हींत ते अक्षर नाही.

रविवारी मी दादाकडे गेले. म्हटलं, आता तरी नीट ऐकूया. बाबा खुर्चीत बसले होते. आधी माझ्याकडचं 'घर' लावलं. बाबांचा जुना, भरलेला आवाज आला: "माझा चेडू मुलुंडाक ऱ्हवता, लांब पडता. तेच्या पायात काटो रुताक देव नको." लेकीच्या पायात काटाही रुतू देऊ नकोस, असं माझ्यासाठी मागणं. रेकॉर्ड करताना मी बहुतेक स्वयंपाकघरात होते. हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग बोरिवलीचं 'घर' लावलं. तेच देव, तीच सुरुवात. आणि मग: "माझ्या झिलाचा काम सुटला हा. रोज सकाळी डबो घेवन भायर पडता, पण कोणाक सांगणा नाय. तेका वाट दाखय."

झील म्हणजे मुलगा, म्हणजे दादा. मी दादाकडे पाहिलं. काम सुटून चार महिने झाले होते, पण त्याने आम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनीलाही नाही. ती दारात उभी होती.

दादा बाबांना म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी पाटी घेतली. लिहिलं, "डबो तसोच परत येय होतो."

दादा त्यांच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला. वहिनी त्याच्याजवळ जाऊन बसली. ओरडली नाही, एवढंच म्हणाली, "अरे, मला सांगायचं ना रे." त्या संध्याकाळी पहिल्यांदा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्या अर्जांचं, ओळखीपाळखीचं बोललो. दीड महिन्याने त्याला गोरेगावला काम लागलं. आधीपेक्षा छोटं आहे, पण दादा आता निश्चिंत झोपतो.

मी उडवलेल्या फाईलींतच ते होतं. फाईली साठवणाऱ्या त्या प्रोग्रॅमने स्वतःच्या हुशारीने कुठलं खरं, कुठलं खोटं हे ठरवलं असतं, किंवा मैत्रिणीने त्या दिवशी खुर्ची ओढली नसती, तर बाबांनी दादासाठी काय मागितलं होतं ते आम्हाला कधी कळलंच नसतं.

मी तिच्यासाठी साडी घेऊन गेले, तर तिने घेतली नाही. म्हणाली, "त्यापेक्षा प्रवासाचं गाऱ्हाणं पाठव. माझे सासरे पुढच्या आठवड्यात गावी चाललेत." मी तिथेच तिच्या फोनवर पाठवलं.