दोन्ही सारखे बूट

गेल्या रविवारी फोनवर धाकटीने विचारलं, "आजी, मम्मा लहान असताना तिचा पाय बरा व्हावा म्हणून तू प्रार्थना केली नव्हतीस का?" तुमच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्यापासून तिच्या डोक्यात हे घोळत असावं. मी "केली होती" म्हणाले आणि विषय बदलला. ते बरोबर नव्हतं, म्हणून नीट लिहून काढते.

राज्यपुनर्रचनेत बेळगाव मैसूर राज्यात गेलं आणि तुमच्या आजोबांची सरकारी नोकरीही त्याच राज्याकडे वर्ग झाली. काही वर्षांनी बदली होऊन आम्ही मैसूरला आलो, बन्नीमंटपच्या बाजूला दोन खोल्यांत राहू लागलो. तिथेच तुमची आई अडीच वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. ताप तीन दिवसांत उतरला, डावा पाय मात्र लुळा पडला आणि पुढे उजव्यापेक्षा आखूड राहिला. त्याला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर असे. तो डाव्या बुटाच्या टाचेत अडकवायचा, आणि त्या बुटाला दोन बोटं जाड तळ. हे बूट जवळचे एक म्हातारे कारागीर शिवत. तुमची आई त्यांना 'ताता' म्हणे. कन्नडमध्ये आजोबांना म्हणतात तसं.

मी रोज पहाटे साडेपाचला तिच्यासाठी प्रार्थना करी. कुठलंही काम मोघम ठेवायची मला सवय नाही. ती पाच वर्षांची झाली तेव्हा मी देवालाही मुदत घातली: नाताळच्या सकाळी ती कॅलिपरशिवाय चालेल. दर गुरुवारी चर्चच्या मंडळीतल्या बायका आमच्याकडे घरप्रार्थनेला येत. त्यांतल्या एक वडीलधाऱ्या बाई चहा पिता पिता म्हणाल्या, "बरी होणार म्हणतेस, आणि जाड तळाचे नवे बूटही शिवायला टाकणार? हा कसला गं विश्वास?"

ते मला लागलं. दुसऱ्याच दिवशी मी ताताकडे गेले आणि नाताळसाठी लाल बूट सांगितले.

"डाव्याचा तळ थोडा वाढवावा लागेल, अम्मा. पोरगी उंच झाली."

"तळ नको. कॅलिपरची भोकंही नकोत. दोन्ही सारखे."

"डॉक्टर म्हणाले का?"

"नाही."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. "करतो सारखे. पण या चामड्याचा तुकडा उरेल, तो ठेवून देतो. हाच रंग पुन्हा मिळत नाही."

मला त्यांचा राग आला. तुमच्या आजोबांना मी काहीच सांगितलं नाही.

नाताळच्या सकाळी बूट पाहून ती इतकी हरखली की नाकाशी धरून त्यांचा वासच घेत बसली. मी कॅलिपर न लावता ते तिला घातले, भिंतीला धरून उभं केलं आणि चार पावलांवर गुडघे टेकून हात पसरले. "ये." तिने भिंत सोडली. उजवं पाऊल टाकलं. डाव्यावर भार येताच ती कोसळली. तिच्या हनुवटीखालची खूण तुम्ही पाहिली आहे, ती तेव्हाची.

रडण्याआधी ती म्हणाली, "आई, देवाला कुठला पाय ते सांगितलं होतंस ना? डावा."

"सांगितलं होतं."

"मग मीच नीट चालले नाही का?"

तुमचे आजोबा कापूस घेऊन आले. त्यांनी रक्त पुसलं, जुने बूट आणि कॅलिपर चढवला, आणि तिला कडेवर घेताना मला एवढंच विचारलं, "हे बूट करायला टाकताना हिला विचारलं होतंस?"

पुढचे काही महिने मी साडेपाचला उठलेच नाही. झोपताना तिच्याबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणे, कारण त्याशिवाय ती झोपत नसे. एकदा 'आमेन' झाल्यावर तिने स्वतःच पुढे जोडलं, "आणि माझ्या लाल बुटांचं काय ते बघ." ते देवाने नाही, मी बघायचं होतं. सकाळी बूट घेऊन गेले. तातांनी फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून लाल तुकडा काढला, डाव्या बुटाचा तळ त्याच रंगात वाढवला आणि टाचेत कॅलिपरची भोकंही पाडून दिली. पाय मावेनासे होईपर्यंत तिने ते बूट वापरले.

मी पाय मागितला होता, तो मिळाला नाही. पुष्कळांनी मला समजावलं की उत्तर वेगळ्या रूपात मिळतं, तो लाल तुकडा हेच उत्तर. मी तसं मानत नाही. तो तातांनी ठेवला होता. पाय का मिळाला नाही ते मला आजही माहीत नाही. पुढच्या ईस्टरच्या सुमारास मी पुन्हा पहाटे उठू लागले, अजून उठते. मुदत तेवढी घालत नाही.

तुम्ही ऑपरेशनसाठी जरूर प्रार्थना करा. कुठला गुडघा तेही सांगा. पण "मम्मा, तू नक्की बरी होणार" असं तिला म्हणत बसू नका. ती पाच वर्षांची होती तशीच आहे; दुखत असलं तरी तुमच्यासाठी चालून दाखवील. त्यापेक्षा तिला विचारा, कुठे दुखतंय.