एल्विनचा खांदा

वेल्समधल्या आमच्या दरीत एकाच आडनावाची माणसं इतकी, की कामावरून ओळखल्याशिवाय इलाज नाही. पाव भाजणारा तो ह्यू पाव. टपाल वाटायचा तो एल्विन टपाल, निवृत्त झाला तरी टपालच. आणि त्याची बायको ग्लेनिस दवाखाना.

ग्लेनिस दवाखान्याच्या काउंटरवर बसते. सकाळी आठला फोन सुरू होतात आणि चहा निवायच्या आत डॉक्टरांच्या दिवसभराच्या वेळा संपतात. मग उरलेल्या सगळ्यांना ती एकाच आवाजात सांगते, "आजचं संपलं. उद्या आठला करा." त्या आवाजात राग नसतो आणि कीवही नसते.

"मेल्यावर तरी नंबर लागेल का गं माझा?" म्हातारी ब्लॉड्वेन काउंटरवर कोपर टेकून विचारते.

"त्यालाही आठलाच फोन करावा लागतो, ब्लॉड्वेन."

फार पूर्वी ग्लेनिसने आपल्या बहिणीला रांगेत मध्येच घुसवलं होतं. ब्लॉड्वेनने खाटकाच्या दुकानात सगळ्यांदेखत म्हटलं, "दवाखाना आता घरचाच झालाय म्हणे." तेव्हापासून ग्लेनिसने ठरवलं, आपल्या माणसांनीसुद्धा फोनच करायचा. बहिणीनेही आणि एल्विननेही. दुसरा नियम दवाखान्याचाच होता. काय होतंय ते विचारायचं, आणि पेशंट सांगेल तेच लिहायचं. आपल्या मनचं काही घालायचं नाही.

त्या वसंतात एल्विन स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला. लग्न झाल्यापासून त्याने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं नव्हतं. एकदा ग्लेनिसला टोपलीच्या तळाशी त्याची चड्डी सापडली, गुंडाळी केलेली. पुढच्या बाजूला तपकिरी डाग होता, धुऊनही न गेलेला. तिने गुंडाळी होती तशी परत ठेवली.

असे डाग म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. फोनवर कुणी हे सांगितलं, की ती उद्याचं नाव काढत नाही. उठते आणि सरळ डॉक्टरांच्या दारावर टकटक करते.

घरी ती म्हणाली, "दुकानातून काही आणायचंय का?"

"नको."

सांगायचं तेव्हा सांगेल, असं तिला वाटलं. तिला कळलंच असणार, विचारेल, असं त्याला वाटलं. हे दोघांनीही मला नंतर वेगवेगळं सांगितलं, आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाच्या भिंतीवरून.

एके सकाळी तिने काउंटरवर फोन उचलला. "दवाखाना. नाव आणि जन्मतारीख सांगा."

पलीकडून आवाज आला, "तूच का? मला वाटलं रिअन उचलेल."

रिअन तिच्या शेजारच्याच खुर्चीत दुसऱ्या फोनवर होती. समोर ब्लॉड्वेन कोपर टेकून उभी होती.

"नाव सांगा," ग्लेनिस म्हणाली. फोनवर सगळेच तिला 'तुम्ही' असतात.

"एल्विन प्रॉसर." त्याने जन्मतारीखही सांगितली.

"काय होतंय?"

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"खांदा," एल्विन म्हणाला. "दुखतो."

"कुठला?"

या उत्तरालाही त्याला वेळ लागला. "डावा."

तिने लिहिलं, डावा खांदा. खांद्याला डॉक्टर लागत नाहीत. व्यायाम शिकवणारा माणूस येतो, त्याच्याकडे पाठवतात. "पुढच्या महिन्यातली वेळ आहे. चालेल?"

"चालेल. थँक्यू."

"कोण होतं गं?" ब्लॉड्वेनने विचारलं. "फार वेळ गप्प होतीस."

"एक खांदा."

त्या संध्याकाळी दोघांनी मासे आणि बटाट्याचे चिप्स खाल्ले. फोनचा विषय निघाला नाही. "व्हिनेगर दे," तो म्हणाला. तिने दिलं.

पुढच्या महिन्यात एल्विन खरंच जाऊन व्यायाम शिकून आला. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या भिंतीवर डावा तळहात टेकवून बोटांनी वर वर चढायचा. चेहरा प्रार्थनेला बसल्यासारखा. याच खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन तो आयुष्यभर आमचे चढ चढला, आणि खांद्याने कधी कुरकुर केली नव्हती. कमरेच्या पट्ट्याला त्याने दाभणाने नवं भोक पाडलं होतं. ग्लेनिसने तेही पाहिलं. हातावर झोपल्यावर हात बधिर होतो ना, ती नंतर मला म्हणाली, तशी मी सगळीच झाले होते.

मग एका सोमवारी तिने कोट घातला, आणि निघालीच नाही.

"उशीर होतोय तुला," एल्विन भिंतीकडे तोंड करून म्हणाला. हात वर होता.

आठ वाजले. तिने घरातला फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. लागेना. पुन्हा फिरवला. मग थांबायला सांगणारं पियानोचं संगीत सुरू झालं. ते तिने या बाजूने कधी ऐकलं नव्हतं.

"फारच वाईट आहे की हे."

"पुढे आणखी वाईट होतं," एल्विन म्हणाला.

शेवटी फोनवर रिअन आली. "दवाखाना. नाव आणि..."

"मी ग्लेनिस."

"ग्लेनिस आंटी! अहो, आहात कुठे? तुमची रिकामी खुर्ची बघून ब्लॉड्वेन नाचायची बाकी राहिलीय. आणि फोन कसला करताय, या की सरळ."

"रांगेतूनच आलेय मी. एल्विन प्रॉसर." तिने जन्मतारीख सांगितली.

रिअनचा आवाज उतरला. "काय होतंय अंकलना?"

भिंतीवरची बोटं थांबली.

"लघवीतून रक्त जातंय," ग्लेनिस म्हणाली. "वसंतापासून. वजनही उतरलंय."

पलीकडे खुर्ची मागे सरकली. पावलं वाजली, आणि मग दारावरची टकटक. ती टकटक ग्लेनिसला पाठ होती. रिअन परत आली. "आत्ताच घेऊन या म्हणतायत डॉक्टर."

ग्लेनिसने फोन ठेवला. एल्विनने हात खाली घेतला आणि बोटांकडे बघत राहिला.

"ते खांद्याचं खोडावं लागेल," तो म्हणाला.

"खोडीन."

तो जिन्याशी गेला, थांबला. "शर्ट कुठला घालू?"

"बटणांचा," ती म्हणाली. "काढायला सोपा."