उरलेल्या मांडीचं हाड

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी इंग्लंडमध्ये, साउथहॅम्प्टनला हाडांच्या वॉर्डात ज्युनियर डॉक्टर होते. तिथे एक आजोबा आले, गोदीतून निवृत्त झालेले. बोटीच्या दोरखंडात सापडून त्यांचा उजवा पाय फार पूर्वीच गेला होता, गुडघ्याच्या वरून. लाकडी पाय लावून ते रोज ब्रेड आणायला जात. त्या सकाळी पाय न लावताच कुबड्यांवर बाथरूमकडे निघाले आणि पडले. खुबा मोडला तोही त्याच बाजूचा.

आमच्या मोठ्या सर्जनांना ऑपरेशन नको होतं. पाय नाहीच, तर हाड जुळेल तसं जुळू दे, असं त्यांचं म्हणणं. मी आजोबांना तेच जरा मवाळपणे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी परत चालणार नाही, असंच ना?"

मला खोटं बोलवेना. सर्जनांच्या खोलीत जाऊन मी हट्ट धरला. एवढ्या वरच्या माणसाशी मी कधी वाद घातला नव्हता. शेवटी ते कंटाळून तयार झाले.

मोडलेलं हाड सरळ करायला टेबलावर पाऊल बुटात बांधून ओढतात. इथे पाऊलच नव्हतं. म्हणून उरलेल्या मांडीच्या हाडातून स्टीलची सळई आरपार घातली आणि तिला ताण दिला. ड्रिल इतकं अलगद आत गेलं की सर्जन थांबले. वर्षानुवर्षं पुरेसं वजन न पडल्याने हाड भुसभुशीत झालं होतं. तरीही मोडलेलं हाड धरून ठेवायला स्टीलचा खिळा आणि पट्टी बसवली. हात धुताना ते एवढंच म्हणाले, की हे टिकणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात खिळा हाड फोडून बाहेर आला. जखम चिघळली. दुसरं ऑपरेशन केवळ लोखंड काढण्यासाठी. आजोबा महिनोन्‌महिने पडून होते, झिजत होते. त्यांची बायको रोज दुपारी यायची, पलंगाशेजारी बसून विणायची, मला काही विचारायची नाही.

एका दुपारी मी आजोबांना सांगून टाकलं, की ऑपरेशनचा हट्ट माझा होता.

"संमतीच्या कागदावर सही माझी होती," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. मला बरं वाटावं म्हणून ते बोलले की मी जावं म्हणून, ते कळलं नाही.

पुढे त्यांना घरी पाठवलं. ईस्टरच्या आधी त्यांच्या फॅमिली डॉक्टरचं दोन ओळींचं पत्र आलं. न्यूमोनियाने गेले, असं लिहिलं होतं. खुब्याचा उल्लेख नव्हता.