हौसाच्या दुधातलं सत्त्याऐंशी टक्के पाणी

परग्रहावरून आलेल्या तीन डोळ्यांच्या प्राण्यानं आमच्या म्हशीच्या दुधात सत्त्याऐंशी टक्के पाणी आहे असं टीव्हीवर जाहीर केलं, आणि हा आकडा त्याला मीच दिला होता.

आम्ही दोघे भाऊ. थोरल्या दादाकडे चार म्हशी, धाकट्या माझ्याकडे हायस्कूलचं विज्ञान. दादा रोज संध्याकाळी म्हैस घेऊन पेठेतल्या दूध कट्ट्यावर जातो आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ गेलास हातात देतो. कट्ट्यावर सगळं दूध म्हशीचं. गायीचं दूध आमच्या पेठेत तान्ह्या बाळाला नाहीतर आजाऱ्याला देतात, तेही शेजारी बघत नाहीत अशी खात्री करून. दादाच्या हौसा नावाच्या म्हशीचं दूध प्यायला तर तालमीतले पैलवान रांग लावायचे. तीस वर्षांत दादाच्या दुधाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ते काम घरच्या माणसासाठी राखून ठेवलेलं होतं.

अशात एका मालिकेची मंडळी कोल्हापुरात आली. मालिका विज्ञानाची. दर रविवारी परग्रहावरचा एक प्राणी नव्या गावात उतरतो, तिथलं काहीतरी खातो-पितो, माणसांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतो आणि निघून जातो. (आमच्या घरी येणारे निम्मे पाहुणे असेच आहेत, पण त्यांची कुणी मालिका काढत नाही.) कोल्हापूरच्या भागात तो धारोष्ण दूध पिणार होता. त्यांना म्हैस पाहिजे होती. मी हौसाला पुढं केलं आणि तिच्यामागून स्वतःलाही. "तुमचा शास्त्रीय सल्लागार कोण?" असं मी त्यांच्या लेखिकेला विचारलं. ती म्हणाली, कुणीच नाही. मग काय, बावीस वर्षं ज्या संधीची मी वाट बघत होतो ती म्हशीच्या शेपटीला धरून दारात आली होती!

लेखिकाबाईंना एकच वाक्य हवं होतं. प्राणी दुधात काचेची नळी बुडवतो, नळी निळी होते आणि दुधात काय काय आहे ते तो सांगतो. बाईंनी विचारलं, सर, दुधात पाणी किती असतं? मी म्हणालो, "सत्त्याऐंशी टक्के. घ्या लिहून." एकदा पुस्तकात बघू या का, असं त्यांनी फार अदबीनं सुचवलं. मी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी पुन्हा पुस्तकाचं नाव काढलं नाही. माझ्या वर्गातही कुणी काढत नाही.

भाग लागायचा त्या रविवारी संध्याकाळी तालमीच्या हॉलमध्ये फुटबॉलच्या सामन्यांसाठी घेतलेला मोठा पडदा लावला. दादानं त्या दिवशी कट्टा बंद ठेवला. वहिनीनं हौसाला धुऊन, शिंगं रंगवून तालमीच्या दारात बांधली. तिचं कौतुक तिलाही बघू दे म्हणाली. मी लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत बसलो. कोट आता पुढून मिटत नव्हता, पण सल्लागाराचं पोट थोडं दिसलेलं चालतं.

पहिल्या पाच मिनिटांत आभाळातून तबकडी उतरली. कुणाला काही वाटलं नाही. प्राण्याला तीन डोळे होते, त्याबद्दलही तक्रार नव्हती. तो पुणेरी बोलायला लागला तेव्हा जराशी कुजबुज झाली, इतकंच. पण मालिकेचा नायक हौसाखाली धार काढायला बसला आणि तालीम पेटली. रेडकू सोडलं न्हाय, पुढं आंबोण ठेवलं न्हाय, मग म्हैस पान्हावली कशी? "हे असलं कायबी दाखवत्यात," आप्पा पैलवान म्हणाले. आप्पा म्हणजे कट्ट्यावरचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, रोजचे दोन गेलास. पेठेचं मत तेच ठरवतात, पेठ फक्त मान डोलावते. प्रकाशाच्या वेगानं आलेली तबकडी त्यांना पटली होती. पान्हा न फुटता आलेली धार पटत नव्हती.

तेवढ्यात प्राण्यानं नळी बुडवली. नळी निळी झाली. "या द्रवात सत्त्याऐंशी टक्के पाणी आहे," तो म्हणाला.

पुढंही तो बरंच बोलला. उरलेल्या तेरा टक्क्यांत सगळ्या जिवांचं पोषण कसं आहे वगैरे. पण ते ऐकायला कुणी उरलं नव्हतं. अख्खी तालीम मागं वळून दादाकडं बघत होती. शेवटी पडद्यावर 'शास्त्रीय सल्लागार' म्हणून माझं नाव सरकत गेलं, तेव्हा पडद्याकडं तोंड केलेला मी एकटाच होतो. टाळ्याही मी एकट्यानंच वाजवल्या.

आम्ही घरी पोचायच्या आत पेठेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परीक्षणं सुरू झाली होती. एकानं विचारलं, ती नळी कुठं मिळते. दुसऱ्यानं लिहिलं, आपल्या डोळ्यांत तीस वर्षं धूळ, शेवटी बाहेरच्या ग्रहावरून माणूस यावा लागला. कलाकारांचा अभिनय, दिग्दर्शन, शास्त्रीय सल्ला, यांबद्दल एक ओळ नाही. मी रात्री झोपेपर्यंत बघत होतो.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी मुद्दाम गेलो. हौसापुढं तीन माणसं उभी होती, एरवी तीस असतात. आप्पांनी गेलास उजेडात धरून गोल फिरवला. त्यांच्या शेजारचा एकजण म्हणाला की धार तर आपल्यासमोर काढतोय, मग पाणी घालतो कधी? यावर कुठलाही शहाणा माणूस गप्प बसला असता. आप्पा विचार करून म्हणाले, "दुपारभर नदीत बसतीया म्हस. मुरत असणार की आत."

तीनही माणसांना हे पटलं. आप्पांनी गेलास न पिता खाली ठेवला. दादानं हौसाच्या पाठीवरून हात फिरवला.

आता विज्ञान गप्प बसणार होय! मी कट्ट्याच्या पायरीवर चढलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात समजावलं, की पाणी काही एकट्या हौसाच्या दुधात नाही. या कट्ट्यावरच्या प्रत्येक म्हशीच्या दुधात तेवढंच आहे. हे ऐकून दादाचं गिऱ्हाईक परत आलं नाही, पण बाकीच्या सात गवळ्यांचंही पांगलं. सातही जणांनी बादल्या खाली ठेवल्या. दादानं मला दंडाला धरून घरी नेलं.

एवढ्यावर थांबेन तर मी मास्तर कसला? मंगळवारी शाळेतली शेगडी आणि पातेलं घेऊन गेलो. आपल्या लोकांना सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं, हे माझं जुनं मत. हौसाचं लिटरभर दूध सगळ्यांदेखत शेगडीवर ठेवलं आणि तासभर आटवलं. वाफ वर जात होती तसा मी सांगत होतो, बघा, हे निसर्गाचं पाणी, यात कुणाचा दोष नाही. शेवटी वाटीभर खवा उरला. आप्पांनी तो तळहातावर घेतला आणि सगळ्यांना दाखवला.

"लिटरभर दुधात दूध एवढंच," ते म्हणाले. मग त्यांनी तो खाऊन टाकला. खवा बाकी झकास झाला होता, असंही म्हणाले. त्या प्रयोगाचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुरुंदवाडच्या आमच्या आत्याकडं पोचला. तिनं फोन करून विचारलं की दादा असं का करायला लागला, घरात काही अडचण आहे का.

घरात एकच अडचण होती, ती म्हणजे दूध. बादली भरून जायची आणि भरून परत यायची. वहिनी बासुंदी करायची, खवा करायची, दह्याची मडकी लावायची. मी प्रत्येक जेवणाला दोन वाट्या बासुंदी खात होतो आणि वर तोंड करून कुणाकडं बघायची छाती होत नव्हती.

गुरुवारी जेवताना दादा म्हणाला, "जयसिंगपूरच्या पावण्याला हौसा देतोय. रविवारी घिऊन जाईल."

मी म्हणालो, दादा, लोक चार दिवसांत विसरतील. तो म्हणाला, "मला नावं ठेवली तर ऐकून घीन रं. पर त्या मुक्या जनावराला चोर म्हणत्यात. ते मला बघवंना." मग तो ताटावरून उठला. वाटीतली बासुंदी तशीच होती.

वहिनी भांडी गोळा करता करता थांबली. "भावजी, त्यो सत्त्याऐंशीचा आकडा तुमी कवा मोजलासा?" मी म्हणालो, मोजायचा कशाला, सगळ्या जगाला माहीत आहे. आणि तिचं तोंड बंद करायला म्हणून मी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, पुस्तक उघडलं.

तक्ता होता. पहिल्या ओळीत गाय: सत्त्याऐंशी. खालच्या ओळीत म्हैस: त्र्याऐंशीच्या आसपास. मला वाटलं छापखान्याची चूक असेल. दुसरं पुस्तक काढलं. त्या छापखान्यानंही नेमकी तीच चूक केली होती. मी पुस्तक मिटलं आणि वहिनीला म्हणालो की यात काही स्पष्ट दिलेलं नाही.

आता खरं सांगतो. शुक्रवार आणि शनिवार मी गप्प बसलो. चार टक्क्यांचा तर फरक, असं मी मला सांगितलं. शाळेत कळलं तर पोरं मान राखणार नाहीत, असंही सांगितलं. दादाला तशाही तीन म्हशी उरतात, इथपर्यंत माझी मजल गेली. माणूस स्वतःचं तोंड वाचवायला किती गणित करतो! एवढं गणित मी नोकरी लागताना केलं असतं तर मुख्याध्यापक झालो असतो.

शनिवारी संध्याकाळी दादा हौसाला शेवटची म्हणून कट्ट्यावर न्यायला निघाला. गोठ्यात वहिनी हौसाच्या गळ्यातली घंटा सोडत होती. घंटा पावण्याला द्यायची नाही म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले. ते बघितलं आणि मला माझीच लाज वाटली. मी दादाच्या आधी कट्ट्यावर पोचलो.

पुन्हा त्याच पायरीवर चढलो. काही गवळ्यांनी आपल्या बादल्या उचलून मागं घेतल्या. मी म्हणालो, "आप्पा, चूक माझी हाय. त्या प्राण्याला आकडा मी दिलता. सत्त्याऐंशी टक्के गायीच्या दुधात असतंय. मी गायीचा आकडा म्हशीला लावला."

आप्पांनी विचारलं, "गायीचा?"

"व्हय."

"तरीच की!" आप्पा म्हणाले, आणि अख्ख्या कट्ट्यानं तरीच, तरीच म्हणत सुटकेचा श्वास सोडला. गायीच्या दुधाबद्दल काहीही सांगा, आमची पेठ विश्वास ठेवायला तयार असते. तेवढ्यात दादा हौसाला घेऊन पोचला, आणि लोक तिच्यापुढं असे धावले की दादाला रेडकू आवरता येईना. आप्पांनी सलग तीन गेलास पिऊन सहा दिवसांची भरपाई केली. मग म्हणाले की मला पहिल्यापासनंच त्या तीन डोळ्यांवाल्याचा संशय होता.

म्हशीच्या दुधात मग पाणी किती, हे मात्र कुणी विचारलं नाही. पण शास्त्र अर्धवट सांगू नये. मी हात वर करून म्हणालो, "आता म्हशीच्या दुधात त्र्या..."

दादानं भरलेला गेलास माझ्या तोंडाला लावला. "पी गप," तो म्हणाला. मी प्यालो. आठवडाभरात माझ्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं प्रेमाचं वाक्य होतं.

जयसिंगपूरचे पावणे रविवारी आले, दोन गेलास दूध आणि बासुंदी घेऊन तसेच परत गेले. हौसाच्या गळ्यात घंटा आहे, पुढं रांग आहे. दादाच्या दुधाबद्दल आता कुणी चकार शब्द काढत नाही.

मी रोज शाळा सुटल्यावर कट्ट्यावर जातो. मला बघितलं की आप्पा रांगेतून वाट करून देतात, माझा हात धरून हौसापर्यंत नेतात आणि लहान पोराला दाखवावं तसं बोट करून, सगळ्यांसमोर, सावकाश सांगतात, "मास्तर, ही म्हस. आन् ह्ये तिचं दूध." मी, शास्त्रीय सल्लागार, व्हय आप्पा म्हणतो आणि गेलास घेतो.