तहकूब सभा

देश पुन्हा वर कसा येईल हे मी एका दोनशे पानी वहीत लिहून काढलं, तेव्हा ते वाचून दाखवायला घरात कुणी नव्हतं. बायकोला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा पुण्यात. फोनवर त्याला पहिलं प्रकरण ऐकवायला घेतलं, तर तो म्हणाला, "बाबा, पीडीएफ पाठवा ना." वहीची पीडीएफ कशी करतात ते मला माहीत नाही, आणि त्यानं ती वाचली नसती हे मला चांगलं माहीत आहे.

लातूरच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवलं. ती सगळी वर्षं बायको गावी राहिली, देवणीजवळ, शेत बघत. मी शनिवारी यायचो आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत. ती देगलूरकडची, तिच्या बोलण्यात मधूनच तेलुगू शब्द यायचे आणि मी ते तिथल्या तिथं दुरुस्त करायचो. मास्तरकी अंगात मुरली की घरातही उतरत नाही. निवृत्त होऊन मी कायमचा गावी आलो आणि वर्षाच्या आत ती गेली. आता घरात दुरुस्त करण्यासारखं कुणी बोलतच नाही.

वहीत काय होतं ते सांगतो. आपलं सोयाबीन पोत्यांनी बाहेर जातं आणि तेलाच्या पिशव्यांतून परत येतं. मधला नफा आणि मधल्या नोकऱ्या दुसऱ्यांच्या गावात राहतात. पोरंही तशीच जातात, हैदराबादला नाहीतर पुण्याला, आणि ती परत येत नाहीत. यावर तालुक्यात कायकाय काढता येईल याची चार प्रकरणं होती. पण माझा खरा राग राजकारणावर होता. निवडून दिलेला माणूस सकाळी एका पक्षात असतो, दुपारी दुसऱ्यात, आणि आपण ते मोबाईलवर बघून हसतो. माझं म्हणणं असं होतं, की देशाची घसरण दिल्लीत सुरू झाली नाही. गावच्या सभेला माणसं यायची थांबली तिथं ती सुरू झाली. ग्रामसभा भरली तर सरपंच विचारून वागेल, सरपंच तसा वागला तर आमदाराला वागावं लागेल, असं करत करत शेवटच्या प्रकरणात मी संसदेपर्यंत पोचलो होतो. मला एवढंच हवं होतं, की कुणीतरी समोर बसून हे ऐकावं. एकानं ऐकलं असतं तरी चाललं असतं.

म्हणून ग्रामसभेत वाचायचं ठरवलं. ग्रामसेवकाला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "सर, दहाची सभा हाय, पर तुमी साडेअकराला या. तहकुबीला."

हे समजावून सांगायला हवं. सभेला ठरावीक माणसं जमली नाहीत तर ती तहकूब होते, म्हणजे पुढं ढकलली जाते. आणि पुढं ढकललेल्या सभेला किती माणसं हवीत याची अटच नाही, कुणी नसलं तरी ती चालते. त्यामुळं आमच्या गावात दोन्ही वेळा एकाच नोटिशीवर छापतात. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे, की लोक ग्रामसभा हा शब्दच विसरले. 'आज तहकूब हाय' असं म्हणतात, जणू सभेचं नावच ते.

मी हट्टानं दहाला गेलो. सतरंजी अंथरलेली होती, खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या होत्या. दीड तास मी एकटा बसलो. दारात कुणाची सावली पडली की मान वर व्हायची. साडेअकराला ग्रामसेवक आणि पंचायतीचा शिपाई आले. सरपंच बाहेर फोनवर बोलत उभे राहिले ते शेवटपर्यंत बाहेरच. मी वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या पानावर ग्रामसेवकाचा फोन वाजला, पाचव्या पानावर शिपाई पेंगू लागला. तो माझ्याच वयाचा, गुडघ्यांनी बेजार, त्याला काय बोलणार. ग्रामसेवक म्हणाला, "लई भारी लिवलंय सर. विविध विषयांवर चर्चा झाली असं इतिवृत्तात मांडतो." त्याच्यावर चिडावं असंही मला वाटलं नाही. वाटली ती फक्त शरम.

मग शिपायानं हजेरीचं रजिस्टर काखेत मारलं. आता ते घरोघर फिरणार आणि न आलेली माणसं आल्याच्या सह्या करणार. कोण कोण सह्या करतं ते तरी बघू, म्हणून मीही त्याच्याबरोबर निघालो, वही हातात धरूनच. "झाली का तहकूब?" असं विचारत लोक सही करत होते. कुणी उंबऱ्यात, कुणी मोटरसायकलच्या सीटवर रजिस्टर टेकवून. कुणीही एक ओळ वाचली नाही. माझ्या वहीतलं ग्रामसभेचं प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

सातव्या-आठव्या घरी एक बाई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. माझ्या बायकोच्याच वयाची. शिपायानं रजिस्टर पुढं केलं तर तिनं हात लावला नाही. "मी आले न्हाई, तर सही कशी करू?"

"ही दर बारीला असंच करती," शिपाई मला म्हणाला.

मला इतका आनंद झाला, की मी तिथंच उभ्यानं वही उघडली. म्हटलं, बाई, हेच तर मी लिहिलंय, ऐका. एक अख्खं पान वाचलं. सूप मांडीवर ठेवून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. दीड वर्षात माझं एवढं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं.

"बरं हाय," ती म्हणाली. "अक्का हुत्या तवा आमी जात हुताव सभेला."

"कोण अक्का?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "तुमच्या घरच्या, सर. आदल्या दिवशी दारोदार फिरायच्या. वीस-पंचवीस बाया घिऊन जायच्या. बोलायच्या, भांडायच्या. त्या गेल्या, मग कुणी बोलवाया आलं न्हाई. तुमी बी सभा झाल्यावरच वही घिऊन आलाव."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मला एक शनिवार आठवला. बायको भाकरी थापता थापता म्हणाली होती, "काल सभेत मी..." आणि मी पेपर तपासत होतो, म्हणून म्हटलं होतं, थांब जरा. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. गाव तिला अक्का म्हणतं, एवढंही मला ठाऊक नव्हतं.

शिपाई पुढच्या घराकडं निघून गेला. मी तुरीच्या ढिगाशेजारी ओट्यावर टेकलो, वही मिटली, आणि त्या बाईला विचारलं, "ती काय बोलायची सभेत?"